एका ओळीसाठी तीन मॉनिटर

घरात कॉम्प्युटर आहे असं मी आपणहून कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक विचारतात, कोण चालवतं? मग ह्यांच्या डोळ्यांचा विषय निघतो, आणि चार माणसांत तो निघाला की मला बोलता येत नाही. मी तशीच आहे. लहानपणापासून पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. कागदावर मात्र बोलता येतं. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून येत असेल.

हे गिरगावातल्या एका छापखान्यात कामाला होते. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे जुने लोक घरी बसले, ह्यांना मालकांनी त्यावर बसवलं. पुढे छापखानाच बंद झाला. जाताना मालकांनी तो कॉम्प्युटर ह्यांना देऊन टाकला, म्हणाले, तुझ्याशिवाय कुणाच्या कामाचा नाही. टॅक्सीत मांडीवर घेऊन ह्यांनी तो लालबागला आणला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबलावर मांडला. तेव्हापासून घरीच काम. लग्नाच्या पत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गावच्या मंडळांचे अहवाल, भजनाची पत्रकं. ह्या कामाला हे 'लावणं' म्हणतात. टाईप कुणीही करतं, पत्रिका लावावी लागते, असं त्यांचं म्हणणं. कुठली ओळ मोठी, कुठली बारीक, दोन ओळींमध्ये किती जागा मोकळी सोडायची, मुलाचं नाव आणि मुलीचं नाव सारख्याच तोलाचं दिसतंय की नाही, ते सगळं लावणं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन ह्यांच्या बिघडलेल्या कागदांवर झालं. ते मी मांडणीवर डब्यांखाली अंथरते. डाळीचा डबा उचलला की खाली कुणाचं तरी लग्न असतं.

कॉम्प्युटर जुना आहे आणि तो जुनाच ठेवावा लागतो. त्याच्यात मराठी अक्षरांचं जे सॉफ्टवेअर आहे त्याला एक लॉक लागतं. आगपेटीएवढा तुकडा, मागच्या बाजूला प्रिंटरच्या जागी घट्ट बसवलेला. तो असला तरच अक्षरं उमटतात. हल्लीच्या कॉम्प्युटरला ती जागाच नसते. लेकीने एकदा नवा घेऊन देते म्हणून सांगितलं तेव्हा हे म्हणाले, नव्यात माझी अक्षरं नाहीत. ते खरंच होतं.

डोळ्यांचं हळूहळू झालं. पहिल्यांदा सुईत दोरा ओवता येईना, त्यात काही विशेष नाही, तो मलाही ओवता येत नाही. मग पत्रिकेवरचा मुहूर्त चुकला. मग समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना, कान दिसायचे, खांदे दिसायचे, मधे धुरासारखं. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं की डोळ्याच्या आतला मधला भाग खराब झालाय, तो परत येणार नाही, पण कडा चांगल्या आहेत आणि चांगल्याच राहतील. तुम्ही कडेनं बघायची सवय करा, असं त्या म्हणाल्या.

ती सवय ह्यांनी केली नाही. आळसाने नाही. माणूस समोर उभा असताना त्याच्या बाजूला बघायचं, तिरकी नजर ठेवायची, हे त्यांना उर्मटपणाचं वाटे. "लोकांना वाटेल मी त्यांना मोजत नाही," असं म्हणायचे. म्हणून समोर बघत राहिले, आणि समोर तर काही नव्हतं. जेवताना ताटात बघत आणि भात चाचपत.

कामं हळूहळू थांबली. लोक यायचे, हे म्हणायचे सध्या हातात बरंच आहे. हातात काही नव्हतं. रोज सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसत, मशीन चालू करत, पंख्याचा आवाज ऐकत बसत. बोटांना कीबोर्डच्या कळा पाठ होत्या. टाईप करायला अडचण नव्हती, मी मजकूर अडखळत वाचून दाखवला तर ते भराभर टाईप करत. पण लावणार कसं? मी एकदा म्हटलं, मी सांगते ना कुठे काय आलंय. तर म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यांनी पत्रिका लागत नाही गं." रागावले नव्हते. मला ते पटलं. दुसऱ्याच्या जिभेने मीठ चाखता येत नाही, तसंच असणार.

गणपती होऊन गेल्यावर ह्यांचा एक मित्र आला. आमच्याच वाडीतला, कोकणातला. दोघे लहानपणी गाववाल्यांच्या एकाच खोलीत राहिलेले, एकमेकांना अरे-तुरे करतात. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न झाल्यावर लगेचचा मुहूर्त. त्याच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका ह्यांनी खिळ्यांत जुळवली होती, बहिणीची कॉम्प्युटरवर लावली होती. आता मुलीची. डोळ्यांचं त्याला ठाऊक होतं, पण किती ते ठाऊक नव्हतं. मजकुराचा कागद टेबलावर ठेवून तो म्हणाला, तुला जमेल तशी लाव, घाई नाही, आणि चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर हे बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. मग मला म्हणाले की ही लावता आली तर पुढचं बघू, नाही आली तर मशीन भंगारात द्यायचं. रोज समोर बसून आवाज ऐकायचा त्यात काही अर्थ नाही. मशीन गेल्यावर सकाळी अंघोळ करून हे कुठे बसतील, एवढंच माझ्या मनात आलं.

लेकीला मी फोनवर सांगितलं. ती शीवला दिलेली, नोकरी परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत. कामावरून सुटली की कधीकधी आमच्याकडे होऊन घरी जाते. त्या दिवशी आली ती डोक्यात सगळं पक्कं करूनच. अक्षर तळहाताएवढं केलं तर बाबांना दिसेल, असं तिचं म्हणणं. पण तेवढं मोठं केलं की एका मॉनिटरवर एक शब्द मावतो, पुढची ओळ बाहेर जाते, आणि ओळ दिसली नाही तर लावायचं कसं? तर तीन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकच ओळ तिन्हींवरून जाऊ द्यायची. तिच्या ऑफिसात जुने मॉनिटर काढून नवे आणले होते, जुने ज्याला हवे त्याला नेऊ देत होते. दोन ती घेऊन आली.

टॅक्सीतून उतरवून जिन्यावरून वर आणताना सगळी गॅलरी बघायला. शेजारच्या वैनी दारात तांदूळ निवडत होत्या. त्या मालवणी बोलतात. म्हणाल्या, "काय गो, टीव्हीचा दुकान घातलंस काय?" मी हसले आणि आत पळाले. लेक म्हणाली, "हो काकी, उद्घाटनाला या."

आता मॉनिटर तीन झाले, पण कॉम्प्युटरच्या मागे मॉनिटरची वायर लावायला जागा एकच. त्यासाठी ग्राफिक कार्ड लागतं. कार्ड म्हणजे हिरवी पट्टी, तिच्यावर छोटासा पंखा, कॅबिनेट उघडून आत खाचेत उभी बसवायची. लेक लॅमिंग्टन रोडला गेली. इतकं जुनं कार्ड ठेवतो कोण? एका दुकानदाराने तिला सांगितलं, मॅडम, हे आता तुम्हाला संग्रहालयातच मिळेल. दुसऱ्याने मात्र पोटमाळ्यावरून खोका काढून एक शोधून दिलं, बोटाने धूळ पुसून.

रविवारी ते बसवलं. आमच्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, कॅबिनेट आडवं झोपवून. मी कुंचल्याने आतली धूळ काढली, एवढंच माझं काम. कार्डाला दोन मॉनिटर लागले आणि दोन्ही उजळले, पण जो आधीपासून चालू होता तो काळा पडला. लेकीने वायर काढून घातली, पुन्हा काढली. मग दुकानदाराला फोन. तो म्हणाला की जुन्या मशीनचं तसंच असतं, नवं कार्ड आलं की मशीनची स्वतःची जागा झोपी जाते, दोघं एकत्र जागी राहत नाहीत. तिसरा मॉनिटर हवा तर दुसरं कार्ड घ्या, आखूड खाचेचं.

दुसरं कार्ड आलं पुढच्या रविवारी. ते दुसऱ्या कंपनीचं होतं. ते बसवल्यावर मशीन सुरूच होईना, आणि झालं तर एक कार्ड जागं झालं की दुसरं झोपे. हे खुर्चीत बसून ऐकत होते, म्हणाले, "ह्या दोघांचं गोत्र जमत नाही." लेक वैतागली होती तरी हसली. दुकानदारानेही दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं, की जुन्या मशीनमध्ये दोन कार्डं घालायची तर एकाच घरची घाला. त्याने ते बदलून दिलं.

मग तिन्ही उजळले. आम्ही दोघी बघत उभ्या होतो. थोड्या वेळाने खट् करून सगळंच बंद पडलं. दोन कार्डं, त्यांचे दोन पंखे, जुन्या मशीनला तेवढी वीज ओढवत नव्हती. वीज देणारा आतला डबा बदलावा लागला. तो बदलून दिला चिंचपोकळी स्टेशनजवळच्या एका वर्कशॉपवाल्याने, आणि त्यानेच लोखंडी पट्ट्या जोडून एक घोडी करून दिली, कारण आमच्या टेबलावर तीन मॉनिटर मावेनात. उजवीकडचा मॉनिटर आता मोरीच्या दाराच्या निम्म्यात येतो. कळशी घेऊन मला आडवं होऊन आत जावं लागतं. सवय झाली.

एवढं झाल्यावरही माऊसचा बाण वेड्यासारखा करत होता. हे माऊस उजवीकडे सरकवत आणि बाण डावीकडच्या मॉनिटरवर निघे. मशीनच्या मनात मॉनिटरचा क्रम वेगळाच होता. ते मात्र लेकीला आलं. पडद्यावर तीन चौकोन दिसत होते, एक, दोन, तीन आकड्यांचे, ते तिने धरून ओढून जागच्या जागी लावले. मला ते फार आवडलं. मशीनला सांगता येतं की तुझा डावा हात हा.

मग तिने पत्रिकेची पहिली ओळ मोठी केली. मजकूर मी आधीच वाचून दिला होता आणि ह्यांनी टाईप करून ठेवला होता. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. डाव्या मॉनिटरवर 'आमचे', मधल्यावर 'येथे', उजवीकडे उरलेलं सगळं. तळहाताएवढी अक्षरं. मोरीच्या दारातून मलाही वाचता येत होती. लेक बाजूला झाली आणि म्हणाली, "बाबा, बघा."

हे खुर्ची पुढे ओढून बसले. मधल्या मॉनिटरकडे सरळ बघितलं. मग डावीकडे सरळ, मग उजवीकडे सरळ. मान सावकाश फिरत होती. मग म्हणाले, "छान झालंय. फार मेहनत केलीस."

लेकीचं तोंड उजळलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं नाही. आज मुलांना काहीतरी गोड करते म्हणत ती घरी गेली.

ती जिना उतरून जाईपर्यंत हे थांबले. मग म्हणाले, "अक्षर मोठं झालं खरं. पण मी बघतो तिथे अक्षर नसतंच. आजूबाजूला काहीतरी काळं असतं, ते वाचायला गेलं की तेही जातं."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"इतके रविवार घातले तिने."

नंतर ठरलं ते असं. मित्राला नकार द्यायचा, पण दसऱ्याच्या आत नाही. दसरा तोंडावर आला होता, आणि दसऱ्याआधी आलेलं काम दसऱ्याची पूजा होईपर्यंत परत करायचं नाही असं छापखान्यात मानत. दसऱ्याला संध्याकाळी मित्र सोनं द्यायला येईलच, दरवर्षी येतो, तेव्हा कागद त्याच्या हातात द्यायचा. तोवर लेकीला काही कळू द्यायचं नाही. ती आली की हे मॉनिटरसमोर बसत आणि माऊस हलवत राहत. ती खूश होऊन आतल्या खोलीत मला सांगे, बघ, बाबा बसतायत. मी कणीक मळत राहायचे. खोटं मीही बोलत नव्हते, खरंही सांगत नव्हते.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा असते. माझे सासरे गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, तिथे साच्यांना झेंडूची तोरणं लागत. छापखान्यातही पूजा व्हायची, आणि तिथले मालक मशीन चालू ठेवून पूजा करायचे, बंद मशीनला नमस्कार कसला करायचा म्हणायचे. ह्यांनी तेच उचललं. त्या दिवशी मी सकाळीच टेबल पुसलं, कॅबिनेटला हार घातला. हार घालताना पाकळी पंख्यात जाऊ नये म्हणून जाळीपासून लांब घालते. हे म्हणाले, चालू कर. मी बटण दाबलं आणि लेकीने करून ठेवलं होतं ते उघडून दिलं, तेवढं मला येतं. तीन मॉनिटरवर ती एक ओळ उभी राहिली.

आजवर मी कुंकू कॅबिनेटलाच लावत आले. ह्या वेळी मॉनिटर घरात नवीन आले होते, परक्याच्या ऑफिसातून आलेले असले तरी. त्यांना न लावणं बरं दिसेना. चौकट काळी, तिच्यावर कुंकू दिसत नाही, म्हणून बोट ओलं करून प्रत्येकाच्या काचेलाच लावलं. अक्षरांवर येऊ नये म्हणून अगदी खाली, मधोमध. उदबत्ती लावली आणि ह्यांना म्हटलं, या.

हे उठून उभे राहिले, हात जोडले आणि वाकले. वाकले ते तसेच राहिले.

मला वाटलं कंबर धरली. मी पुढे झाले तर म्हणाले, थांब, हलू नकोस. त्यांची नजर मधल्या मॉनिटरच्या खालच्या कुंकवावर होती. ओठ हलत होते. मला वाटलं मंत्र म्हणतायत.

"येथे," ते म्हणाले.

ते तसेच वाकलेले, डावीकडे सरकले. पुन्हा खाली बघितलं. "आमचे." मग माझ्या पुढून उजवीकडे गेले, गुडघा टेबलाला लागला तरी थांबले नाहीत. ह्या वेळी वेळ लागला. "श्रीकृपे," म्हणाले, आणि मग, "करून."

मी म्हटलं, पाठ आहे तुम्हाला ते. सगळ्या पत्रिकांवर तेच असतं. असं म्हणायला नको होतं, पण मला आशा धरायची भीती वाटत होती.

"मग दुसरी ओळ काढ," ते म्हणाले.

दुसरी ओळ कशी पुढे न्यायची ते मला येत नव्हतं. त्यांनीच माऊस चाचपून धरला आणि मजकूर वर सरकवला. कुठेतरी मधलीच ओळ आली, मुलीच्या आजोबांच्या नावाची. ते नाव मी वाचून दिलेलं, पण आता समोर कुठली ओळ आलीय ते त्यांना ठाऊक नव्हतं. खुर्चीत बसले, मान खाली घातली, आणि एकेक मॉनिटर करत नाव वाचलं. सावकाश. मूल पाटीवर बोट ठेवून वाचतं तसं. पण बरोबर.

मग मला समजावून सांगू लागले, पुन्हा पुन्हा, जसं काही मीच आंधळी आहे. कुंकवाकडे बघितलं की कुंकू जातं. आणि कुंकू गेलं की वरचं अक्षर येतं. कुंकू दिसायला लागलं म्हणजे नजर हलली, परत तिथे न्यायची. इतके दिवस नजर कुठे ठेवायची तेच कळत नव्हतं, अक्षर दिसलं की त्याच्याकडेच धावायची आणि अक्षर पुसलं जायचं. आता तिला खुंटीला बांधल्यासारखं झालं.

डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं ते हेच की, असं मी म्हटलं. ते म्हणाले, त्यांनी बाजूला बघ म्हणून सांगितलं होतं. खाली बघ म्हणून कुठे सांगितलं होतं? खाली बघण्यात काय, ते तर आपण नेहमीच बघतो. हे खरं आहे. मोठ्यांपुढे आम्ही दोघं आयुष्यभर खालीच बघत आलोय.

दुपारी लेक जावयांबरोबर सोनं द्यायला आली. तिला सगळं सांगितलं, ते छान झालंय म्हटलं होतं ते खोटं होतं हेही ह्यांनीच सांगितलं. ती डोळे पुसून म्हणाली, "बाबा, तुम्ही पण ना." मग लगेच कामाला लागली. कुंकू पुसलं जाईल म्हणून तिने माझ्या कपाटातलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि तिन्ही मॉनिटरच्या खालच्या कडेला ओळीने टिकल्या चिकटवल्या. एकीवरून दुसरीवर अशी नजर न्यायची. मग ओळ इतकी खाली आणून ठेवली की अक्षरं बरोबर टिकल्यांच्या वर उभी राहतील. एक मॉनिटर बाकीच्यांपेक्षा उंच होता, त्याच्याखालची पट्टी काढली तेव्हा ओळ सरळ झाली. वैनी सोनं द्यायला आल्या, टिकल्या लावलेले मॉनिटर बघून म्हणाल्या, हळदीकुंकवाक बोलावलंस काय ह्यांका? ह्या वेळी मी पळाले नाही. म्हटलं, बसा वैनी, चहा ठेवते.

संध्याकाळी मित्र आला. मजकुराचा कागद टेबलावरच होता. आपट्याची पानं देऊन तो गळाभेट घेऊन समोर बसला, आणि हे मान थोडी खाली घालून त्याच्याकडे बघू लागले. बराच वेळ बघत राहिले.

"काय रे, पोटाकडे काय बघतोस माझ्या? सुटलंय, माहीत आहे मला."

"तोंड बघतोय तुझं," हे म्हणाले. "दाढी वाढवलीस ती मला कुणी सांगितलंच नाही."

मित्राने दाढीवर हात फिरवला. तो माझ्याकडे बघायला लागला, मी मान हलवली. त्याला काय कळलं ते त्याने बोलून दाखवलं नाही. पत्रिकेचा विषयही काढला नाही. जाताना दारात चपला घालत म्हणाला, "मी दिवाळीच्या तोंडावर येतो मग."

ती पत्रिका लावायला ह्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात पूर्वी सबंध अहवाल झाला असता. डोळे शिणत, डोकं दुखे, मधेच उठून गॅलरीत उभे राहत. ओळ वाचून झाली की सगळं पान लहान करून मधल्या मॉनिटरवर घेत. तिथे अक्षर कळत नसे, पण काळं किती आणि पांढरं किती, पान कुठे जड झालंय, ते कळे. मग पुन्हा मोठं करून त्या ओळीत फेरफार. एकदा म्हणाले, मुलीचं नाव दबलंय. मी बघितलं, मला तसं काही दिसलं नाही. त्यांनी वरची जागा थोडी वाढवली. मग मला दिसलं.

मशीनही अधूनमधून रुसे. एखाद्या सकाळी उजवीकडचा मॉनिटर लागतच नसे. मग मशीन बंद करून थोडं थांबायचं, कॅबिनेट उघडून कार्ड बोटाने हलकेच दाबून बसवायचं, पुन्हा चालू करायचं. ते आता मीच करते. लेकीने एकदा दाखवलं होतं. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा असतो, अंगातली वीज उतरायला.

दिवाळीच्या आधी मित्र आला. प्रिंट काढून ठेवली होती. त्याने ती खिडकीच्या उजेडात नेऊन वाचली, वरपासून खालपर्यंत, आप्तेष्टांच्या नावांसकट. मग घडी न घालता पिशवीत वहीच्या आत सपाट ठेवली. छान आहे वगैरे काही म्हणाला नाही. म्हणाला, हीच छापायला देतो.

मी चहा घेऊन बाहेर आले. तेवढ्यात त्याने दुसरा विषय काढला, वाडीच्या मंडळाच्या वार्षिक अहवालाचा. आधी हेच लावायचे. गेली दोन वर्षं दुसऱ्याकडून करून घेतला, तो कुणालाच आवडला नाही. आता तुझं परत सुरू झालंय तर तूच घे.

ह्यांनी मित्राला कधी कुठल्या कामाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि अहवाल म्हणजे पानंच्या पानं, आकड्यांची, देणगीदारांच्या नावांची, बारीक अक्षरांची. कपाळ धरून बसतील, आणि मग न झाल्याचं दुःख. मी चहाचा ट्रे तसाच धरून उभी राहिले.

हे मान खाली घालून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"अहवाल नाही व्हायचा रे आता," ते म्हणाले. "पत्रिका होईल. पत्रिका असली की आण."

एवढंच. आवाज जसाच्या तसा. मग ट्रेकडे हात केला, आणि कप त्यांना पहिल्याच खेपेत सापडला.

मित्राने बशीत चहा ओतला, फुंकला. "पत्रिका म्हटलं तर धाकटी आहे अजून माझी," तो म्हणाला.

"ठरलंय कुठे?"

"ठरतंय कसलं. बारावीला आहे."

"मग मशीन जपून वापरायला हवं," हे म्हणाले, आणि बटण बंद करायला वळले.